खाच उत्तरात असते, मॅट्रिक्समध्ये नाही

फोंड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने वाय-फायसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना आखला होता. १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ (सर्किट बोर्डांसाठी वापरतात त्या काचतंतू-इपॉक्सीच्या) पट्टीवर तांब्याचा सुमारे ३० मिलिमीटर लांबीचा चौकोन, एवढीच ती वस्तू. तिने १ ते ४ गिगाहर्ट्झपर्यंत दर १० मेगाहर्ट्झला, म्हणजे ३०१ वारंवारतांवर, सिम्युलेशन लावले. रात्रभर संगणक चालला, पण सकाळी परावर्तनाच्या आलेखात रेझोनन्सची खाच, म्हणजे अँटेना शक्ती सर्वांत चांगली स्वीकारतो ती जागा, नेमकी तुटक आणि टोकदार दिसली, कारण त्या अरुंद पट्ट्यात जेमतेम चार-पाच बिंदू पडले होते. सगळे पुन्हा करावे लागणार, असे तिला वाटले. तसे करण्याची गरज नव्हती.

तिचे सिम्युलेशन मोमेंट पद्धतीचे होते. या पद्धतीत तांब्याचे लहान लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातल्या प्रवाहाचा इतर प्रत्येक तुकड्यावर होणारा परिणाम एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यात, मांडतात. अज्ञात प्रवाह ५००० असतील तर मॅट्रिक्समध्ये अडीच कोटी संख्या येतात आणि त्यांना सुमारे ४० कोटी बाइट जागा लागते. वारंवारता बदलली की या सर्व संख्या बदलतात. या आकाराच्या प्रश्नात मॅट्रिक्स सोडवण्यापेक्षा भरण्यातच बहुधा अधिक वेळ जातो.

मला सर्वांत सुंदर वाटते ती गोष्ट इथे आहे. दोन तुकड्यांमधला परिणाम वारंवारतेनुसार हळूहळू, गुळगुळीतपणे बदलतो. विशेषतः लांबच्या तुकड्यांमधला लहरीचा कलाबदल (फेजमधला फरक) वेगळा काढून ठेवला, तर उरलेला भाग फारच संथ असतो. आलेखातली तीक्ष्ण खाच त्या संख्यांमध्ये कुठेच नसते, ती मॅट्रिक्स सोडवल्यानंतर उत्तरात उमटते. म्हणून १, १.५, २ अशा ४ गिगाहर्ट्झपर्यंतच्या सातच वारंवारतांची मॅट्रिक्स डिस्कवर जपली, तर तीन अब्ज बाइटांहून कमी जागेत काम भागते. मधल्या कोणत्याही वारंवारतेची मॅट्रिक्स त्यांच्यावरून अंदाजता येते आणि ती फक्त सोडवायची उरते. उलट, जपलेल्या उत्तरांवरूनच मधले उत्तर काढू गेलो, तर साध्या अंतर्वेशनाने (दोन बिंदूंमधली किंमत अंदाजण्याने) खाच हुकण्याची भीती राहते.

जपलेले कधी टाकून द्यायचे, हेही कळले पाहिजे. तुकडे सर्वांत वरच्या वारंवारतेच्या तरंगलांबीवरून, साधारण तिच्या विसाव्या भागाएवढे, पाडतात. त्यामुळे मर्यादा ४ वरून ६ गिगाहर्ट्झ केली की तुकडेच बदलतात आणि साठा निरुपयोगी होतो. समान चौकटीवर आखलेल्या तांब्याची लांबी थोडी वाढवली, तर मात्र जुन्या तुकड्यांच्या संख्या तशाच राहतात आणि नव्या तुकड्यांच्या ओळी व स्तंभ तेवढे भरावे लागतात.

जुलैत तिने पट्टी प्रत्यक्ष मोजली, तेव्हा खाच गणितापेक्षा थोड्या कमी वारंवारतेवर आली. एफआर-४ चा पराविद्युतांक (पदार्थ लहरीला किती मंद करतो ते सांगणारा अंक) उत्पादकागणिक बदलतो, शिवाय गोव्याच्या पावसाळ्यात उघडी पट्टी ओलावा शोषते आणि पाण्याचा हा अंक ८० च्या आसपास असतो. तिने गणितातला ४.४ हा अंक वाढवून ४.५ केला. या एका बदलाने प्रत्येक संख्या बदलली, तेव्हा तिने सगळा साठा पुसला आणि या वेळी सातच वारंवारतांची मॅट्रिक्स नव्याने भरायला लावली.