शॉकअप वजन उचलत नाही, मग ट्रेलरसाठी बदलायचे कशाला?

टेक्सासमध्ये आल्यावर आधी पिकअप ट्रक घेतला आणि पुढच्या वर्षी कॅम्पिंगचा ट्रेलर, इथे हे असंच होतं, एकाच्या मागे दुसरं. ट्रेलर सामानासकट २७०० किलो. पहिल्याच ट्रिपला पुलाच्या तोंडाशी रस्ता थोडा खचलेला असतो ना, तिथून गेलो आणि ट्रकचं नाक वर, खाली, परत वर, परत खाली... मोजून चार झोके. मागून पोरगी म्हणाली, बाबा, होडीत बसल्यासारखं वाटतंय. इथले लोक याला पॉर्पॉइझिंग म्हणतात, पॉर्पॉइझ हा डॉल्फिनसारखा प्राणी पाण्यात उसळ्या मारत जातो त्यावरून.

घरी येऊन बघितलं तर ट्रकचं बूड बसलेलं. एका दुकानात दाखवलं, त्यांनी मागे एअरबॅग टाकून दिल्या (अपघातात फुगतात त्या नव्हेत, स्प्रिंगला मदत करणाऱ्या रबरी पिशव्या). बूड छान वर आलं, झोके मात्र चाराचे सहा झाले! पैसे देऊन दुखणं वाढवलं म्हणायचं.

आता हे असं का झालं ते बघू. ट्रेलरचं सगळं वजन ट्रकवर येत नाही, साधारण १० ते १५ टक्के हुकावर येतं. आमचं १२ टक्के धरलं तर सव्वातीनशे किलो. पण हूक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे सव्वा मीटरवर, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल झाला टेकू आणि ट्रक झाला सी-सॉ. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.७ मीटर अंतर आहे, हिशोब केला तर पुढच्या चाकांवरचं ११० किलो वजन उचललं जातं आणि तेही मागेच येऊन बसतं. ठेवले ३२५, मागच्या पाट्यांवर (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) पडले ४३५.

हे वजन पेलतात पाटे, शॉकअप नाही. साधा शॉकअप किलोभरही वजन धरत नाही (हवा भरायचे एअर शॉक असतात, ते वेगळे). शॉकअपचं काम एकच, हललेल्याला थांबवणं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ पोलादी चकत्या. रंगपंचमीची पिचकारी आठवा, हळू दाबली तर काही वाटत नाही, जोरात दाबली तर हाताला चांगलीच अडते. शॉकअपचं तेच, विरोध वजनाला नाही, वेगाला. पाटा दबला की त्यात ताकद साठते आणि तो ट्रकला वर फेकतो, म्हणून बहुतेक शॉकअप दबताना कमी आणि ताणताना जास्त अडतात.

या अडण्याचा दम किती पुरेल हे शॉकअपवर ठरतंच, पण वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरही ठरतं, ते वाढलं की दम तेवढ्या पटीने घटतो. ढोबळ आकडे घ्या, मागच्या पाट्यांवर आधी ७५० किलो होते, आता ११८५, म्हणजे जवळपास १.६ पट. वर्गमूळ १.२६, म्हणजे त्याच शॉकअपचा दम २० टक्क्यांनी घटला. त्यात एअरबॅगने स्प्रिंग दीडपट कडक केली की घट जाते ३५ टक्क्यांवर. माझे सहा झोके इथून आले!

आणि ही थांबवलेली ताकद जाते कुठे, तर तेल तापवण्यात. पुढच्या ट्रिपला रेस्ट एरियात थांबल्यावर खाली वाकून मागच्या शॉकअपना हात लावून बघितला (सायलेन्सरपासून जपून, तो भाजतो). डावा चांगला गरम, उजवा जवळजवळ गार. गार म्हणजे तो काही कामच करत नव्हता, बाहेरून तेलकट धूळही चिकटलेली. सीलमधून तेल गेलेलं.

मग मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकअप टाकले. साध्या ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी असते, बाहेरच्या नळीत तेलाच्या वर गॅस, खूप वेळ हादरे बसले की दोन्ही मिसळून फेस होतो आणि फेसाला कसला आलाय विरोध, पिस्टन लोण्यातून गेल्यासारखा जातो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबलेला नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकती चकती असते, त्यामुळे फेस होत नाही, आणि नळी एकच असल्याने उष्णता सरळ बाहेरच्या वाऱ्याला मिळते. ही युक्ती फ्रेंच इंजिनिअर द कार्बोन यांची, १९५० च्या दशकात मर्सिडीजच्या गाड्यांमध्ये आली.

झोके आता दीड. पण दोन गोष्टी शॉकअपने होत नाहीत. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वजनाची जी मर्यादा लिहिलीय ती एक किलोनेही वाढत नाही. आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवी हलत असेल तर बहुतेक वेळा सामान मागे जास्त झालेलं असतं. बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तसंच इथे हुकावरचं वजन कमी पडतं. सामान पुढे सरकवा, त्याला खर्च शून्य.

ट्रेलर काढून रिकामा ट्रक ऑफिसला नेला की मात्र प्रत्येक स्पीडब्रेकर कंबरेला कळतो. नॉबने कडक-मऊ करता येणारे शॉकअप थोडे महाग होते म्हणून घेतले नव्हते, बायको दर सोमवारी त्याची आठवण काढते.