पॅडी चायेफ्स्की

चायेफ्स्की, पॅडी : (२९ जानेवारी १९२३ – १ ऑगस्ट १९८१). अमेरिकन पटकथाकार व नाटककार. पटकथेसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाले आणि तिन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. पटकथेची तीन ऑस्कर मिळवलेले इतर लेखकही आहेत. पण त्यांचा निदान एक पुरस्कार सहलेखकाबरोबर वाटून घेतलेला आहे.

त्याचे मूळ नाव सिडनी ॲरन. जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील स्थलांतरित ज्यू कुटुंबात. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून पदवी घेऊन तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला. स्वयंपाकघरातली पाळी चुकवण्यासाठी त्याने चर्चला जायचे निमित्त सांगितले आणि अधिकाऱ्याने थट्टेने ‘पॅडी’ हे आयरिश नाव चिकटवले, अशी आख्यायिका आहे. जर्मनीत आखेनजवळ भूसुरुंगाने तो जखमी झाला. इंग्लंडमधल्या रुग्णालयात पडल्यापडल्या त्याने एक संगीतिका लिहिली.

खरे नाव झाले ते दूरचित्रवाणीमुळे. त्या काळात न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून नाटके थेट प्रक्षेपित होत. पुन्हा टेक घेण्याची सोय नाही, जागा अपुरी, पडदा लहान आणि वेळ जाहिरातींसह तासाभराचा. एनबीसी या वाहिनीवरील अशा नाट्यमालिकेचा निर्माता फ्रेड को नव्या लेखकांना मोकळीक देई. चायेफ्स्कीने या अडचणीच भांडवल म्हणून वापरल्या. जिथे लढाया आणि घोडदौड दाखवता येत नाही, तिथे स्वयंपाकघरातले आई-मुलाचे बोलणे दाखवता येते, हे त्याने नेमके हेरले. संवाद रस्त्यावरचे, अर्धवट, तेच तेच घोळणारे. ते ऐकताना टिपून घेतल्यासारखे वाटतात, पण त्यांची वीण अत्यंत काटेकोर असते.

‘मार्टी’ हे नाटक २४ मे १९५३ रोजी प्रक्षेपित झाले. नायक ब्राँक्समधला लग्न न जमलेला, दिसायला बेताचा खाटीक. एका आधीच्या नाटकाच्या तालमी हॉटेलच्या नृत्यगृहात चालू असताना तिथल्या एकाकी लोकांच्या मंडळाची पाटी चायेफ्स्कीने पाहिली होती : मुलींनो, जो विचारील त्याच्याबरोबर नाचा, पुरुषांनाही भावना असतात. त्या पाटीतून हे कथानक सुचले. रॉड स्टायगरने मार्टीची भूमिका केली. दोन वर्षांनी त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा दूरचित्रवाणीवरचे नाटक बसवणारा डेल्बर्ट मानच दिग्दर्शक हवा, असा आग्रह लेखकाने धरला आणि तो मान्यही झाला. अर्नेस्ट बोर्गनाइन नायक असलेल्या या स्वस्तातल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर आणि कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम दोर मिळाला.

हा आग्रह त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली आहे. अमेरिकन रंगभूमीवर नाटककाराच्या परवानगीशिवाय शब्द बदलत नाहीत. हॉलिवूडमध्ये मात्र पटकथा विकली की लेखकाचा हक्क संपतो. चायेफ्स्कीने पन्नाशीच्या दशकात ब्रॉडवेसाठी ‘मिडल ऑफ द नाइट’ व ‘द टेन्थ मॅन’ ही नाटके लिहिली आणि रंगभूमीवरचा अधिकार चित्रपटातही मागितला. दरवेळी तो मिळाला नाही. ‘पेंट युअर वॅगन’ (१९६९) या संगीतपटावर त्याचे नाव आहे, पण त्यात चायेफ्स्की शोधूनही सापडत नाही.

‘द हॉस्पिटल’ (१९७१) व ‘नेटवर्क’ (१९७६) यांत मात्र तो निर्मिती चमूच्या मध्यभागी होता आणि दोन्हींना पटकथेचे ऑस्कर मिळाले. साधी माणसे मागे पडून आता संस्था त्याचे लक्ष्य झाल्या. संवादांची जागा लांबलचक, आलंकारिक, संतापी भाषणांनी घेतली. ‘नेटवर्क’मधला निवेदक हॉवर्ड बील प्रेक्षकांना खिडक्या उघडून ओरडायला सांगतो, आणि वाहिनी त्याच्या उद्रेकाचाच कार्यक्रम करून विकते. पात्रे कधीकधी माणसांऐवजी अग्रलेख बोलतात, हा आक्षेप खरा आहे. पण ते अग्रलेख बोलायला नट उत्सुक असत. पीटर फिंच, फे डनवे आणि जेमतेम पाच मिनिटे पडद्यावर असलेली बीट्रिस स्ट्रेट या तिघांना अभिनयाची ऑस्कर मिळाली, फिंचला मरणोत्तर.

शेवटचा चित्रपट ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ (१९८०) त्याच्याच कादंबरीवर होता. दिग्दर्शक केन रसेलशी त्याचे हाडवैर जुळले. रसेलने संवाद बदलले नाहीत, पण नटांकडून ते भरधाव, खाताखाता म्हणवून घेतले. म्हणजे शब्द शाबूत आणि अर्थ हवेत. संवाद बदलायचे नाहीत असा करार होता, पण त्यात या युक्तीवर इलाज नव्हता. चायेफ्स्कीने आपले प्रसिद्ध नाव काढून घेतले, म्हणून श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून ‘सिडनी ॲरन’ दिसतो.

पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्याचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. ‘नेटवर्क’चे नाट्यरूपांतर २०१७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आणि २०१८ मध्ये ब्रॉडवेवर, ब्रायन क्रॅन्स्टनला बीलच्या भूमिकेत घेऊन, सादर झाले.