‘पेशंट टाइट आहे’: सर्जनच्या गुणपट्टीची पार्श्वभूमी

गंगापूर रोड असो की मुंबई नाका, नाशिकमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन आता सर्रास दुर्बिणीतून होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात आणि त्या फुगलेल्या जागेत काम चालतं. स्नायू आवळले की जागा आक्रसते. मग सर्जन म्हणतो, ‘पेशंट टाइट आहे, रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) द्या.’ भूलतज्ज्ञाचं उत्तर ठरलेलं: ‘आत्ताच दिलंय, सर.’

आत काम करायला किती सोपं जातं याला सर्जनने गुण द्यायची पट्टी याच वादातून आली. हा वाद दुर्बिणीहून जुना आहे. 1942 मध्ये माँट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी भूल देताना क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं, तेव्हापासून स्नायू किती सैल करायचे हा प्रश्न आलाच. 1970 मध्ये मनगटाजवळच्या नसेला विजेचे लागोपाठ चार झटके देऊन, अंगठा किती हलतो त्यावरून शिथिलता मोजण्याची रीत आली. पण अंगठा हलत नसला तरी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, हलू शकतं. ते औषधाला जास्त दाद देत नाही.

1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूए यांनी आणि 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढे अशी ऑपरेशनं वाढली, तसं ‘आत जागा किती’ याला महत्त्व आलं. तरी स्नायू खोलवर सैल ठेवायला भूलतज्ज्ञ कचरायचे, कारण खोल शिथिलता निओस्टिग्मिन या जुन्या उताऱ्याने नीट उतरत नाही. 2008 मध्ये युरोपात सुगामाडेक्स या नव्या उताऱ्याला परवानगी मिळाली आणि ही अडचण सुटली; रोक्युरोनियम या रिलॅक्संटचा खोल परिणामही काही मिनिटांत उतरू लागला. हा उतारा मात्र महाग. एवढा खर्च केल्यावर सर्जनला खरंच काम सोपं जातं का, हे दाखवणं भाग होतं.

त्यासाठी नेदरलँड्समधल्या लायडेनच्या गटाने 1 ते 5 गुणांची पट्टी वापरली: 1 म्हणजे काम अशक्यप्राय, 5 म्हणजे उत्तम. 2014 च्या त्यांच्या अभ्यासात मध्यम शिथिलतेला सरासरी 4.0, खोल शिथिलतेला 4.7 गुण मिळाले. गुण देणारा सर्जन एकच होता. मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी नोंद: त्याच ऑपरेशनांची चित्रं भूलतज्ज्ञांना दाखवली, तर त्यांचे गुण सर्जनच्या गुणांशी जुळेनात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यामधल्या पडद्याच्या दोन बाजूंना पोट वेगळं दिसतं, दुसरं काय!

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला प्रबंध सादर करणाऱ्या भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला, तर गुण कोण देतो आणि कोणतं औषध दिलंय हे गुण देणाऱ्याला ठाऊक आहे का, हे आधी ठरवावं. रुग्णाचा लठ्ठपणा, टेबलाचा कल आणि सर्जनचा हात, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.