यादृच्छिक ठिपके आणि एक फसवी तिरकी रेघ

दहा बाय दहाच्या जाळीवर, कुठल्याही घराला झुकतं माप न देता, शंभर ठिपके टाकले तर किती घरं कोरी राहतील? सरासरी ३७. आणखी ३७ घरांत एकेक ठिपका पडतो, १८ घरांत दोन आणि उरलेल्या ८ घरांत तीन किंवा जास्त. हिशेब सोपा आहे. ठरावीक घर एका ठिपक्यातून सुटण्याची शक्यता ०.९९, तर शंभरही ठिपक्यांतून सुटण्याची ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे ०.३६६. त्यामुळे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काढलेल्या बिंदूंच्या चित्रात कुठे पुंजके, कुठे मोकळं मैदान दिसलं, तर प्रोग्रॅमला दोष देऊ नये. ठिपके मोजूनमापून मांडल्यासारखे दिसले, तर मात्र जरूर शंका घ्यावी.

पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये, म्हणजे यादृच्छिक आकडे देणाऱ्या तयार संचात, मर्सेन ट्विस्टर ही आकडे काढण्याची पद्धत आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती १९९७ साली तयार केली. आकडे पक्क्या गणितातून निघतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच दिला की तेच बिंदू त्याच क्रमाने पुन्हा मिळतात. चूक शोधताना ही मोठी सोय आहे. मात्र नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा नवा जनरेटर (आकडे काढणारा भाग) पीसीजी६४ ही वेगळी पद्धत वापरतो, तेव्हा सीड तोच ठेवूनही तिथले बिंदू वेगळेच येणार.

युनिफॉर्म फंक्शन दोन मर्यादांमधला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने देतं. त्याला ० आणि १०० या मर्यादा द्या आणि प्रत्येक बिंदूसाठी ते दोनदा बोलवा: एकदा क्ष, एकदा य. असे हजार बिंदू सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहा. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं, मग दर ओळीला एक बिंदू. फाइल विथ हा शब्द वापरून उघडली की काम संपताच आपोआप बंद होते. लिहिण्यासाठी डब्ल्यू मोड घ्या, तो जुना मजकूर पुसून नव्याने लिहितो. ए मोडमध्ये दर वेळी जुन्याखाली हजार बिंदूंची भर पडत जाते आणि नावांची ओळही पुन्हा मध्येच येते. विंडोजवर फाइल उघडताना न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग (मजकूर) द्यायची राहिली, तर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. पुढे वाचताना त्या कोऱ्या ओळीतला पहिला आकडा मागितला की इंडेक्स एरर, म्हणजे नसलेली जागा मागितल्याची चूक.

खरी गंमत वाचतानाच होते. सीएसव्ही रीडर जे हाती देतो ते आकडे नसतात, मजकूर असतो. त्याचं फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यात, रूपांतर न करता तो तसाच मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीला दिला, तर एररही येत नाही. मॅटप्लॉटलिब प्रत्येक स्ट्रिंगला एक नाव समजतं आणि आल्या क्रमाने ०, १, २ अशा जागा वाटतं. पहिल्या बिंदूचा क्षही शून्यावर, यही शून्यावर. दुसऱ्याचे दोन्ही एकवर. आकडे सगळ्या दशांशांसह लिहिलेले असतील तर सहसा एकही मूल्य पुन्हा येत नाही. हजार यादृच्छिक बिंदू मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ तिरक्या रेघेत उभे राहतात आणि दोन्ही अक्षांवर हजार लेबलांचा काळा पट्टा उमटतो! हे दिसलं की जनरेटर तपासत बसू नका, फ्लोट विसरलाय. रूपांतर करताना नावांची पहिली ओळ नेक्स्ट फंक्शनने ओलांडा, नाहीतर नावाचा आकडा होत नाही म्हणून व्हॅल्यू एरर ठरलेला.

चित्रासाठी मॅटप्लॉटलिबचं स्कॅटर फंक्शन वापरा, ते नुसते ठिपके मांडतं. नुसता प्लॉट एकामागून एक बिंदू रेघेने जोडतो आणि कोळ्याचं जाळं तयार होतं. अक्षांचं प्रमाण इक्वल ठेवा. चित्र जतन करणारं सेव्हफिग ते खिडकीत दाखवणाऱ्या शोच्या आधी लिहा, कारण खिडकी बंद झाल्यावर जतन केलेलं चित्र बहुधा कोरं निघतं.

चौकोनाऐवजी वर्तुळात बिंदू हवे असतील, तर कोन आणि त्रिज्या सरळ युनिफॉर्मने काढून चालत नाही. तसं केलं तर निम्मे बिंदू अर्ध्या त्रिज्येच्या आत पडतात, पण त्या भागाचं क्षेत्रफळ जेमतेम पाव. परिणामी आतली दाटी बाहेरच्या कड्याच्या तिप्पट होते. उपाय एका वर्गमुळाचा: ० ते १ मधल्या यादृच्छिक आकड्याचं वर्गमूळ काढून त्याला पूर्ण त्रिज्येने गुणा. वर्गमूळ नको असेल तर चौकोनातच बिंदू टाका आणि वर्तुळाबाहेरचे सोडून द्या. यात साधारण २१ टक्के बिंदू वाया जातात, म्हणून हजार हवे असतील तर फेऱ्या मोजू नका, आत पडलेले बिंदू मोजा.