तेलबियांतील नैसर्गिक विषे आणि तेलाची तपासणी

बीमध्ये मुळातच असलेले विषारी द्रव्य गाळपानंतर तेलात उतरले आहे का, आणि उतरले असेल तर किती, हे ठरवण्याच्या पद्धती. तेलाचा खवटपणा किंवा कीटकनाशकांचे अंश यांची तपासणी हा वेगळा विषय आहे. भेसळीची तपासणीही तत्त्वतः वेगळीच. पण भारतात हे शास्त्र भेसळीतून झालेल्या विषबाधांमुळेच वाढले, म्हणून ती येथे टाळता येत नाही.

बी विषारी म्हणजे तेलही विषारी, असा सरसकट समज आहे. तो चुकीचा आहे. घाण्यात विषाचीही वाटणी होते. पाण्यात विरघळणारी द्रव्ये पेंडीत राहतात, तेलात विरघळणारी तेलाबरोबर बाहेर पडतात. एरंडीच्या बीतले रायसिन हे अत्यंत जहाल विष, पण ते प्रथिन असल्यामुळे पेंडीत राहते. एरंडेलाने पोट साफ होते ते रिसिनोलेइक आम्लामुळे. रायसिनचा त्याच्याशी संबंध नाही. एरंडीची पेंड मात्र तशीच गुरांना घालता येत नाही, ती खत म्हणून शेतात जाते. मोगली एरंडाचे नेमके उलटे. जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावतात. त्याच्या बीतली फॉर्बल एस्टर नावाची विषारी द्रव्ये तेलात विरघळतात आणि तापवूनही जात नाहीत. म्हणून ते तेल साबणाला किंवा इंधनाला चालते, फोडणीला नाही. बी चवीला शेंगदाण्यासारखी लागत असल्याने शाळकरी मुलांना तिची विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून वरचेवर येतात. मोहाच्या टोळंबीतली, म्हणजे बीतली, सॅपोनिने (साबणासारखा फेस करणारी द्रव्ये) पेंडीत राहतात. ती पेंड तळ्यात मासे मारायला वापरतात, आणि तेलात भाजी होते. जवसातली सायनाइड सोडणारी ग्लुकोसाइडेही पेंडीतच राहतात. तेव्हा तपासनिसाचा पहिला प्रश्न विष कोणते हा नसतो, ते कशात विरघळते हा असतो.

तेलातून येणाऱ्या विषाचे भारतातले सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण पिवळ्या धोत्र्याचे. नावात धोत्रा असला तरी खऱ्या धोत्र्याशी त्याचे नाते नाही. हे काटेरी तण अफूच्या कुळातले, मूळ मेक्सिकोचे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला आणि पडीक रानात ते बिलायत किंवा दारुडी या नावांनीही ओळखतात. फांदी मोडली की पिवळा चीक येतो. उत्तर भारतात ते मोहरीच्या शेतात उगवते, साधारण मोहरीबरोबरच पिकते आणि त्याचे बी मोहरीत मिसळते. कधी नकळत, कधी मुद्दाम. बीमध्ये साधारण तिसरा हिस्सा तेल असते आणि त्या तेलात सँग्विनारिन व डायहायड्रोसँग्विनारिन ही अल्कलॉइडे (वनस्पतींतली नत्रयुक्त द्रव्ये) उतरतात. असे तेल पोटात गेले की केशवाहिन्या सैलावतात, पायांवर बोट रुतावे अशी सूज येते, जुलाब होतात, धाप लागते. काहींना काचबिंदू होतो, आणि मृत्यू येतो तो बहुधा हृदय निकामी होऊन. हाच साथीचा जलशोथ, डॉक्टरांच्या बोलीत एपिडेमिक ड्रॉप्सी. त्याची पहिली नोंद 1877 मध्ये कोलकात्यात झाली. कित्येक वर्षे दोष भातावर आणि जंतूंवर टाकला गेला. धोत्र्याच्या तेलाचा संबंध 1920 आणि 1930 च्या दशकांत पुढे आला. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत उसळलेल्या साथीत 60 हून अधिक माणसे दगावली. मोहरीच्या तेलात धोत्र्याचे तेल शेकडा एक इतके मिसळले तरी आजार होऊ शकतो. महाराष्ट्राचे स्वयंपाकघर शेंगदाणा, करडई, तीळ यांच्यावर पोसलेले असल्याने हा आजार मुख्यतः मोहरीचे तेल खाणाऱ्या उत्तर आणि पूर्व भारताचा राहिला.

तपासणी खरे तर बियांपासूनच सुरू व्हायला हवी, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर मोहरी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहावी. मोहरी गुळगुळीत आणि गोल दिसते. धोत्र्याचे बी काळपट, खरबरीत, जाळीदार, टोकाला बारीकशी चोच असलेले. चिरडले की मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा.

एकदा तेल निघाले की डोळा कामाचा नाही. मग नत्राम्लाची (नायट्रिक आम्लाची) परीक्षा करतात: परीक्षानळीत तेल आणि तेवढेच तीव्र नत्राम्ल घेऊन काळजीपूर्वक हलवायचे आणि थोडा वेळ स्थिर ठेवायचे. आम्ल जड असल्याने खाली बसते; त्या खालच्या थराला नारिंगी-पिवळा ते किरमिजी रंग चढला तर संशय घ्यायचा. परीक्षा झटपट होते, पण भरड आहे; भेसळ पाव टक्क्याच्या खाली गेली की ती मुकी होते. फेरिक क्लोराइडच्या परीक्षेत तांबूस-नारिंगी साका बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसतात. याहून कितीतरी बारीक प्रमाण वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफीने) सापडते: तेलातले घटक पट्टीवर वेगळे करून जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली धरले की सँग्विनारिनचा ठिपका चमकतो. रंगावर भिस्त ठेवून कोणाला दोषी धरू नये. वर्णलेखनाने खात्री करावी.

सरकीची गोष्ट वेगळी, कारण तिथे विष पिकाचेच आहे. कपाशीच्या बीतले गॉसिपॉल हे पिवळे रंगद्रव्य कच्च्या तेलात येते आणि तेल काळपट करते. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या गावांत पुरुषांना वंध्यत्व आल्याचे दिसले, आणि त्यावरून तिथे गॉसिपॉलची पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून चाचणीही झाली. कारखान्यात तेल क्षाराने धुतले की गॉसिपॉल निघून जाते. उरलेले मोजण्यासाठी त्याचा अ‍ॅनिलिनशी संयोग घडवून पिवळ्या रंगाची तीव्रता मोजतात.

मोहरीच्या तेलातल्या एरुसिक आम्लाला (एका स्निग्धाम्लाला) विष म्हणावे का, यावर मतभेद आहेत. उंदरांच्या हृदयात त्याने चरबी साठते असे प्रयोगांत दिसले, आणि कॅनडाने ते कमी असलेले, मोहरीच्याच जातकुळीतले कॅनोला वाण काढले. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते, ती याचमुळे. घेणारे ते फोडणीलाच नेतात. एरुसिक आम्ल मोजायला वायू वर्णलेखन लागते.

शेंगदाण्यातले अफलाटॉक्सिन वनस्पतीचे नव्हे, बुरशीचे. पण प्रयोगशाळेत ते याच टेबलावर येते. बरेचसे पेंडीत राहते, काही अंश तेलात. शुद्धीकरणात तेही बहुतांशी जाते. लाकडी घाण्याच्या तेलाला हा टप्पा नसल्याने तिथे सगळी भिस्त शेंगदाणा कोरडा आणि निवडलेला असण्यावर आहे. ‘शुद्ध’ आणि ‘नैसर्गिक’ या पाट्यांनी तो प्रश्न सुटत नाही.

भारतात खाद्यतेल धोत्र्याच्या तेलापासून मुक्त असणे बंधनकारक आहे. इथे थोडे चालेल अशी मर्यादाच नाही. शंका आल्यास तीव्र आम्लाचे प्रयोग घरी करू नयेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहकाला विकत घेतलेल्या मालाचा नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. माल कायद्याच्या कसोटीला उतरला नाही तर शुल्क परत मिळते.