एलईडी परिपथातील विद्युतधारा व विभवांतर मापन

बॅटरी, रोध आणि एलईडी यांच्या एकसर परिपथात कुठे किती व्होल्ट पडतात (म्हणजे विभवांतर किती) आणि किती मिलिअँपिअर धारा वाहते, हे मल्टिमीटरने तपासण्याची प्राथमिक प्रयोगपद्धती. शालेय अभ्यासक्रमातील धाराविद्युत आणि आयटीआयचे वायरमन, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड या दोहोंची सुरुवात अशाच मापनाने होते.

मराठवाड्यात या मापनाचा मूळ नियम शेतातल्या मोटारीच्या स्टार्टर पेटीवर रोज दिसतो. पेटीवर बहुधा दोन काटे असतात. व्होल्टमीटर दोन फेजांच्या मध्ये, म्हणजे समांतर जोडलेला असतो. अमीटर मोटारीकडे जाणाऱ्या एका वायरीतच बसवलेला असतो. म्हणून लाइट आली की व्होल्टचा काटा लगेच वर चढतो, अँपिअरचा मात्र मोटार चालू झाल्यावरच हलतो. एलईडीच्या परिपथातही मीटर याच रीतीने जोडावे लागते.

नमुन्यादाखल ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा रोध (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी) आणि ५ मिमीचा लाल एलईडी घेऊ. एलईडीचा लांब पाय धन बाजूला येतो. पाय कापलेले असतील तर बुडाच्या कडेचा सपाट भाग पाहावा. ती ऋण बाजू. मीटरची काळी वायर ‘कॉम’ खाचेत, लाल वायर व्होल्टच्या खाचेत आणि डायल डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रत्येक घटकाच्या दोन टोकांना वायरी टेकवल्या, की साधारण असे आकडे मिळतात : बॅटरी ९.१०, एलईडी १.९५, रोध ७.१५. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्याइतकी येते. किरखॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला विभवांतराचा नियम तो हाच. लाल एलईडीवर साधारण १.८ ते २.२, तर निळ्या व पांढऱ्यावर ३ ते ३.४ व्होल्ट पडतात. मीटरवर आकड्याआधी वजाचे चिन्ह दिसले तर वायरी उलट टेकल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

धारा मोजण्यासाठी डायल आणि लाल वायर धारेच्या रेंजवर नेऊन, परिपथ एका ठिकाणी तोडून त्या फटीत मीटर बसवावे लागते. इथेच सर्वाधिक मीटर बिघडतात. धारेच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध फार कमी असतो. तशा अवस्थेत वायरी थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या तर तो जवळजवळ शॉर्टसर्किटच होतो आणि आतला फ्यूज उडतो. मोजणी झाली की डायल आणि लाल वायर लगेच व्होल्टवर परत आणण्याची सवय मुलांना पहिल्याच तासाला लावली पाहिजे.

आणखी एक अडचण क्वचितच सांगितली जाते. स्वस्त मीटरचा २० मिलिअँपिअर रेंजवरचा रोध साधारण १० ओहम असतो. वरच्या परिपथात मीटर नसताना वाहणाऱ्या १५.२ ऐवजी (हा आकडा कसा येतो ते पुढे आहे) १४.९ मिलिअँपिअर दिसतील, ते चालते. पण दोन सेलचे ३ व्होल्ट आणि ५६ ओहमचा रोध घेतला, तर मीटर नसताना सुमारे १८ मिलिअँपिअर असलेली धारा मीटर बसवताच १५ च्या आसपास येते. मोजण्याच्या साधनानेच मोजायची राशी बदलली.

त्यामुळे परिपथ न तोडता रोधावरचे व्होल्ट मोजून ओहमच्या नियमाने धारा काढणे हाच अधिक चांगला मार्ग आहे : ७.१५ भागिले ४७० म्हणजे ०.०१५२ अँपिअर, अर्थात १५.२ मिलिअँपिअर. सोनेरी पट्ट्याच्या रोधाची किंमत ५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते, म्हणून तो सुटा असतानाच ओहम रेंजवर मोजून घ्यावा. शाळेत मीटर कमी आणि मुले जास्त असतात, तिथे तर हीच पद्धत सोयीची पडते.

रोध गाळून एलईडी थेट बॅटरीला लावू नये. एलईडीवरील व्होल्ट किंचित वाढले तरी धारा झपाट्याने वाढते आणि साध्या ५ मिमी एलईडीची सततची मर्यादा साधारण २० मिलिअँपिअरच असते. तापमानाचाही परिणाम होतो. दर अंश सेल्सिअसमागे एलईडीवरचे व्होल्ट सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतात. परभणीत हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो आणि मे महिन्यात ४२ च्या वर चढतो. एवढ्या फरकाने तोच लाल एलईडी साठ-पासष्ट मिलिव्होल्ट कमी दाखवेल. ४७० ओहमचा रोध असताना धारेत जेमतेम ०.१४ मिलिअँपिअरची वाढ होते, म्हणजे डोळ्यांना काही कळत नाही.

स्टार्टर पेटीवरचे लाल, पिवळे, निळे इंडिकेटर आता बहुधा एलईडीचेच असतात. व्होल्टेज बरेच खाली आले तरी ते पेटलेले दिसतात, म्हणून तिन्ही दिवे लागले एवढ्यावरून मोटार चालू करू नये. व्होल्टमीटरचा काटा पाहावा. त्या पेटीत मात्र २३० ते ४१५ व्होल्ट असतात. तिथे इथे सांगितलेली मापने विद्यार्थ्यांनी करू नयेत.