फेगातो

फेगातो : यकृत या अर्थाचा इटालियन पुल्लिंगी शब्द. लाक्षणिक अर्थ धैर्य, छाती. अभिजात लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘यकृत्’शी सजातीय आहे. लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांत मात्र तो टिकला नाही. त्याची जागा ‘फिकातुम’ या पाककलेतील विशेषणाने घेतली. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर. ‘येकुर फिकातुम’ म्हणजे अंजिरांवर पोसलेल्या जनावराचे यकृत. ही रचना त्याच अर्थाच्या ‘सिकोतोन’ या ग्रीक शब्दावर बेतलेली असावी. आधुनिक ग्रीकमध्येही यकृताला ‘सिकोती’च म्हणतात.

रोमन लेखक प्लिनीच्या (इ.स. 23/24–79) म्हणण्याप्रमाणे डुकरिणींना सुकी अंजिरे चारून, शेवटी मधमिश्रित मद्य पाजून मारण्याची युक्ती अपिकियुस या रोमन खवय्याची. परंतु अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीच्या यकृताचा उल्लेख रोमन कवी होरेसच्या उपरोधिकांत (इ.स.पू. 30 च्या सुमारास) आधीच येतो. तेव्हा अपिकियुसचे श्रेय फार तर डुकरांपुरतेच मानावे लागते. सहाव्या शतकात अँथिमस हा वैद्य डुकराच्या साध्या यकृतालाही ‘फिकातुम’च म्हणतो, अंजिराचा संबंध तोपर्यंत सुटलेला दिसतो.

खरी अडचण ध्वनींची आहे. ‘फिकातुम’मध्ये आघात (उच्चारातील जोर) शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर (अक्षरावर) हवा, रुमानियन ‘फिकात’ व व्हेनिसच्या बोलीतील ‘फिगा’ यांत तो तसाच आहे. इटालियन ‘फेगातो’ आणि स्पॅनिश ‘इगादो’ यांत मात्र तो पहिल्यावर सरकला आहे. शिवाय ‘फिकुस’मधील इकार दीर्घ असल्याने इटालियनमध्ये तो ‘इ’च राहायला हवा (अंजीर : ‘फिको’), ‘फेगातो’तील एकार त्यात बसत नाही. फ्रेंच ‘फ्वा’च्या मुळाशीही एकारच आहे. काही अभ्यासक हा बदल ‘येकुर’च्या प्रभावाने झाला असे मानतात. इतरांच्या मते ग्रीक शब्द बोलीभाषेतील लॅटिनमध्ये पहिल्या अवयवावरील आघातासह, एकार घेऊन रुळला व ‘फिकातुम’शी त्याची सरमिसळ झाली. आघात आणि एकार या दोहोंचा एकत्र उलगडा होत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ते कल्पित रूपांवर उभे आहे.

‘आव्हेरे फेगातो’ म्हणजे धाडस असणे. मराठीत ‘काळीज’ या शब्दाचाही मूळ अर्थ यकृत असाच सांगतात. ‘रोदेर्सी इल फेगातो’ म्हणजे मनातल्या मनात रागाने धुमसणे. कांद्याबरोबर परतलेले वासराचे यकृत हा व्हेनिसचा प्रसिद्ध पदार्थ. तस्कनीत कोंबडीच्या यकृताला ‘फेगातिनी’ म्हणतात व ते वाटून भाजलेल्या पावावर लावतात.